न्यायाची चर्चा झाली ते घर कोणाचे होते?

प्लेटोच्या 'रिपब्लिक'ची सुरुवात आपल्यापैकी अनेकांनी अभ्यासक्रमात वाचलेली असते. सॉक्रेटिस अथेन्सहून पिरेउस बंदरावर एका देवीचा उत्सव पाहायला जातो. परत निघतो तेव्हा ओळखीचे लोक त्याला अडवतात, घरी घेऊन जातात, आणि तिथे 'न्याय म्हणजे काय' यावर लांबलचक बोलणे सुरू होते. परीक्षेत प्रश्न येतो, प्लेटोची न्यायाची संकल्पना स्पष्ट करा. आम्हीही एम.ए.ला त्याचे उत्तर पाठ करून लिहिले आहे. पण ते घर कोणाचे होते, हे आम्हाला कोणी विचारले नाही. आम्हीही कोणाला विचारले नाही.

ते घर केफालस नावाच्या म्हाताऱ्याच्या कुटुंबाचे. हा मूळचा सिराक्यूजचा, म्हणजे सिसिलीतला. पेरिक्लीसच्या सांगण्यावरून तो अथेन्सला आला आणि तिथेच राहिला. त्याच्या कुटुंबाचा ढाली बनवण्याचा कारखाना होता. पैसा भरपूर होता. पण केफालस अथेन्सचा नागरिक नव्हता. तो होता 'मेटिक', म्हणजे बाहेरून येऊन कायमचा राहिलेला रहिवासी. मेटिकने दरवर्षी डोईपट्टी भरायची, पुरुषाला १२ द्राख्मा, आणि एकटी कमावणारी बाई असेल तर ६. युद्ध आले तर सैन्यात जायचे. एखादा नागरिक आपला जामीनदार म्हणून दाखवायचा. जनसभेत बसायचे नाही, ज्युरीत बसायचे नाही, आणि खास परवानगीशिवाय जमीन-घर विकत घ्यायचे नाही. मेटिकचा खून झाला तर तो खटला नागरिकाच्या खुनाच्या न्यायासनापुढे जात नसे, चुकून झालेल्या हत्या जिथे चालत त्या खालच्या न्यायासनापुढे जात असे. न्यायावरची जगातली सर्वांत गाजलेली चर्चा अशा माणसाच्या घरी झाल्याचे प्लेटो दाखवतो. आणि ढाली घडवणारे गुलाम त्या कारखान्यात होतेच, त्यांची तर त्या संवादात दखलही नाही.

पुढे काय झाले ते अधिक महत्त्वाचे आहे. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स स्पार्टाकडून हरले. स्पार्टाच्या आशीर्वादाने तीस उमरावांचे सरकार बसले. त्यांचा पुढारी क्रिटियास हा प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ. या तिसांनी पंधराशेच्या वर माणसे मारली असे 'अथेन्सची राज्यघटना' हा जुना ग्रंथ सांगतो. पैसा हवा होता म्हणून त्यांनी श्रीमंत मेटिकांची यादी केली. त्यात केफालसची दोन मुले आली. धाकटा लिसियास मागच्या दाराने निसटला आणि मेगाराला पळाला. थोरला पोलेमार्कस, म्हणजे 'रिपब्लिक'मध्ये सॉक्रेटिसला आग्रह करून घरी नेणारा तोच पोलेमार्कस, रस्त्यात पकडला गेला. आरोप काय हेही न सांगता त्याला विष प्यायला लावले. कुटुंबाची तीन घरे होती, पण अंत्ययात्रा एकाही घरातून काढू दिली नाही. भाड्याने घेतलेल्या एका खोपटातून ती निघाली. प्रेतावर घालायला वस्त्र एकाने दिले, उशी दुसऱ्याने. कारखान्यातून सातशे ढाली आणि १२० गुलाम जप्त झाले. पोलेमार्कसच्या बायकोच्या कानातली सोन्याची कर्णभूषणे तिसांपैकी एकाने स्वतःच्या हाताने ओरबाडली. हे सगळे लिसियासने नंतर कोर्टात उभे राहून सांगितले आणि ते भाषण आजही उपलब्ध आहे. 'रिपब्लिक' अभ्यासक्रमात आहे, लिसियासचे भाषण नाही. असे का, याचा विचार आपण करायला हवा.

लिसियासने हद्दपारीतून लोकशाहीवाद्यांना पैसा पुरवला, ढाली पुरवल्या. लोकशाही परत आली. थ्रासिब्युलस या नेत्याने लिसियासला नागरिकत्व द्यावे असा ठराव मांडला, जनसभेने तो मंजूरही केला. मग आर्किनस नावाच्या दुसऱ्या लोकशाहीवाद्याने तांत्रिक हरकत घेतली. ठराव आधी पाचशेच्या मंडळापुढे गेला नव्हता. ठराव रद्द झाला. लोकशाहीसाठी घरदार आणि भाऊ गमावलेला माणूस उरलेले आयुष्य बिगर-नागरिक म्हणून जगला. आणि पोटासाठी काय केले? नागरिकांना कोर्टात वाचायला भाषणे लिहून दिली. ज्या कोर्टात त्याला ज्युरी म्हणून बसता येत नव्हते, तिथल्या बाजूंनी त्याची भाषा वापरली.

आता एक सावधगिरी. हे वाचून 'बघा, तुमची ती पाश्चात्य लोकशाही असली' असे म्हणत नाचणारे लोक आपल्याकडे आहेत. त्यांना पुढे 'आमच्याकडे सगळे आधीच होते' असे म्हणायचे असते. त्यांच्या हातात आम्हाला हे कोलीत द्यायचे नाही. अथेन्सच्या सामान्य माणसाने जे मिळवले ते खरे होते आणि ते झगडून मिळवले होते.

इ.स.पू. ५९४ च्या सुमारास अथेन्सची स्थिती आपल्या वेठबिगारीच्या गावासारखी होती. जमीन थोड्यांच्या हातात. गरीब शेतकरी उत्पन्नाचा सहावा हिस्सा या हिशेबाने राबणारा. कर्ज काढायचे तर तारण स्वतःचे शरीर आणि मुलेबाळे. फेडता आले नाही तर गुलाम म्हणून विक्री, परदेशातसुद्धा. सोलोन अधिकारावर आला आणि त्याने कर्जे रद्द केली, शेतांत रोवलेले गहाणाचे दगड उपटले, परदेशात विकली गेलेली माणसे परत आणवली, आणि पुन्हा कधी कोणाच्या देहावर कर्ज देता येणार नाही असा कायदा केला. जमिनीचे फेरवाटप मात्र त्याने केले नाही. गरिबांना ते हवे होते. सोलोन मध्यममार्गी होता, आणि मध्यममार्ग्याचे कौतुक बहुधा जमीन असलेलेच करतात हेही खरे.

पण सोलोनच्या एका तरतुदीकडे आम्हाला आवर्जून लक्ष वेधायचे आहे. अन्याय झालेल्या माणसाच्या वतीने 'ज्याला वाटेल त्या' नागरिकाने फिर्याद करावी, अशी ही तरतूद. त्याआधी फिर्याद ज्याची त्याने, किंवा त्याच्या नातलगांनी करायची. दुबळ्याने बलदंडावर फिर्याद करायची म्हणजे काय, हे खेड्यात काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार द्यायला पोलीस ठाण्यापर्यंत पोचलेला माणूस दुसऱ्या दिवशी 'आमचे मिटले' म्हणून येतो, तेव्हा काय मिटले असते ते आपल्याला ठाऊक असते. सोलोनने म्हटले, एकावरचा अन्याय ही सर्वांची बाब आहे. दुसरी तरतूद, अधिकाऱ्याच्या निकालाविरुद्ध लोकांच्या कोर्टात दाद मागता यावी. सर्वांत लोकशाहीवादी म्हणून ज्या तीन गोष्टी त्या जुन्या ग्रंथाने मोजल्या आहेत, त्यांत कर्जगुलामीच्या बंदीबरोबर या दोन आहेत. मतदानाचे त्यात नाव नाही.

पुढे इ.स.पू. ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनिस आला. जुन्या चार कुळसमूहांच्या जागी त्याने दहा नवे गट बांधले, आणि प्रत्येक गटात शहराचा, किनाऱ्याचा आणि आतल्या भागाचा तुकडा एकत्र शिवला. हेतू असा की एका भागातले, एका घराण्याच्या दबावाखालचे लोक एकगठ्ठा राहू नयेत. पायाशी ठेवली गावे-वस्त्या, ज्यांना 'डीमॉस' म्हणत. पुढे त्यांची संख्या १३९ होती. आणि त्याने एक गोष्ट केली जी आपल्या काळजाला भिडणारी आहे. माणसाची ओळख बापाच्या नावाने न देता वस्तीच्या नावाने द्यावी असे ठरवले. कारण? नव्याने नागरिक झालेल्यांचा बाप कोण, हे नावावरून कळू नये. आडनाव विचारून, ते सर्वसाधारण निघाले तर 'म्हणजे मूळचे कुठले' विचारून, तरी नाही कळले तर 'देव कोणता' विचारून जात काढणाऱ्या देशात ही तरतूद समजायला भाष्य लागत नाही. (अथेन्सच्या लोकांनी बापाचे नाव लावणे सोडले नाही, हेही सांगायला हवे. कायद्याने सवय लगेच जात नाही.)

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना जो इतिहासकार उद्धृत केला तो ग्रोट, ग्रीसचा इतिहास लिहिणारा. घटनात्मक नीतीविषयीचे ते विवेचन ग्रोटने याच क्लेइस्थेनिसच्या संदर्भात केले आहे. ही नीती माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे, असे बाबासाहेबांनी पुढे जोडले. वक्ते घटनात्मक नीती हा शब्द घेतात, ती कुठल्या मातीत उगवली ते सांगत नाहीत.

मग हे चांगले चाललेले गाडे कुठे अडले? इ.स.पू. ४५१ मध्ये. त्या वर्षी पेरिक्लीसच्या प्रस्तावावरून कायदा झाला की आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. तोवर बाप नागरिक असला की पुरे होते. ध्यानात घ्या, हा कायदा राजाने किंवा उमरावांनी केला नाही. लोकशाही ऐन भरात असताना लोकांच्या सभेने केला. नागरिकत्वाला आता मोबदला होता, ज्युरीत बसले की भत्ता मिळे. जे मिळवले ते वाटून घ्यायला आणखी तोंडे नकोत, हा साधा हिशेब. काही वर्षांनी इजिप्तकडून धान्याची देणगी आली, वाटप नागरिकांतच करायचे होते, आणि तपासणी सुरू झाली. पाच हजारांच्या आसपास लोक खोटे ठरवून विकले गेले असे प्लुटार्क सांगतो. रेशनच्या रांगेतून नागरिकत्वाचा प्रश्न उभा राहिला. पेरिक्लीसच्या स्वतःच्या घरापर्यंत हा कायदा पोचला. साथीत त्याची दोन्ही औरस मुले मेली, उरला तो मिलेटसच्या अस्पासियापासून झालेला मुलगा, आणि तो स्वतःच्याच बापाच्या कायद्याने परका. सभेपुढे विनवणी करून त्याला अपवाद मिळवावा लागला. सत्ताधाऱ्याच्या मुलाला अपवाद मिळतो.

आपल्याकडेही १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने जन्माला महत्त्व दिले होते, भारतात जन्मला तो भारतीय. १९८७ पासून आई-बापांपैकी एक नागरिक असल्याचे लागू लागले, डिसेंबर २००४ पासून दोघांची स्थिती पाहिली जाऊ लागली. आम्ही एवढेच नोंदवून पुढे जातो.

कागद मागितल्यावर गरिबाचे काय होते, याची अथेन्समधली एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायलाच हवी. इ.स.पू. ३४६ मध्ये सर्व वस्त्यांना आपापली नागरिक यादी तपासण्याचा हुकूम झाला. हालिमूस या छोट्या वस्तीत युक्सिथिअस नावाच्या माणसाचे नाव कापले. त्याने कोर्टात अपील केले आणि डेमॉस्थेनिसने लिहून दिलेले त्याचे भाषण टिकले आहे. अपील हरला तर शिक्षा काय? गुलाम म्हणून विक्री. त्याच्याविरुद्ध पुरावे काय होते? एक, त्याची आई बाजारात फिती विकायची. दोन, तिने दाई म्हणून दुसऱ्याचे मूल अंगावर पाजले होते. तीन, बाप परक्यासारखा बोलायचा. म्हणजे असली कामे करणारी बाई नागरिक कशी असेल, असा तर्क! युक्सिथिअस उत्तर देतो. बाप युद्धात पकडला गेला, परदेशात विकला गेला, बऱ्याच वर्षांनी सुटून आला, म्हणून त्याची बोली बिघडली. बाप नसताना घर चालवायला आईला दाईचे काम करावे लागले. गरिबीमुळे स्वतंत्र माणसांनाही हलकी समजली जाणारी कामे करावी लागतात. आणि बाजारात धंदा करतो म्हणून कोणा नागरिकाला हिणवू नये असा या शहराचा कायदाच आहे.

मतदान कसे झाले तेही तो सांगतो. वस्तीचा प्रमुख युबुलिडीस त्याचा वैरी. त्याने दिवसभर भाषणबाजीत वेळ काढला. सभा शहरात भरलेली, वस्तीतले बहुतेक म्हातारे लांबच्या घरी निघून गेले. अंधार पडल्यावर युक्सिथिअसचे नाव पुकारले. उरले होते तिसाच्या आत, आणि मोजणीत मते निघाली त्याहून जास्त. ग्रामसभेचा कोरम आणि सह्यांचे रजिस्टर ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वर्णन अडीच हजार वर्षे जुने वाटणार नाही. जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा किंवा विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो, आणि समोरची बाई सांगते की आमचा आजा पाल टाकून गावोगाव फिरायचा, त्याचा कागद कुठला असणार, तेव्हा आम्हाला युक्सिथिअसची आई आठवते. त्या बाईला कोणी डेमॉस्थेनिस भाषण लिहून देत नाही.

दुसरी गोष्ट याहून कडू आहे. पासिऑन नावाचा एक गुलाम होता. सावकारी पेढीवर काम करता करता मालकांनी त्याला मुक्त केले, तो स्वतः पेढीचा मालक झाला, शहराला हजार ढाली देणगी दिल्या, आणि अथेन्सने त्याला नागरिक करून घेतले. असे फार थोड्यांच्या वाट्याला आले, पण आले. या पासिऑनचा मुलगा अपोलोडोरस. इ.स.पू. ३४० च्या आसपास त्याने नेआइरा नावाच्या बाईवरच्या खटल्यात भाषण केले. ही बाई मूळची गुलाम, वेश्याव्यवसायात ढकललेली, पुढे पैसे भरून सुटलेली. आरोप असा की ती परकी असून नागरिकाची पत्नी म्हणून राहते. शिक्षा पुन्हा तीच, विक्री. अपोलोडोरसचे वैर खरे तर तिच्या नवऱ्याशी होते. पण बापाच्या अंगावरचा गुलामगिरीचा वळ पुसला जाऊन एक पिढीही झाली नसताना हा माणूस उभा राहतो आणि ज्युरीला सांगतो की हिला सोडलेत तर तुमच्या घरच्या बायकांची इज्जत राहणार नाही. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले तिची यंत्रणा हीच. वरच्या पायरीवर चढलेल्याला पहिली घाई असते ती खालची पायरी मोडण्याची. हे फक्त ग्रीसमध्ये घडले असे म्हणायची आमची हिंमत नाही. आपल्याच चळवळीत, आपल्याच वस्त्यांत, नोकरी लागून फ्लॅटमध्ये गेलेले आपले बांधव नव्याने आलेल्याला काय म्हणतात ते आपण ऐकतो.

गुलामांविषयी इतिहासाची पुस्तके एक ओळ लिहून पुढे जातात. अथेन्सच्या कोर्टात गुलामाची साक्ष ग्राह्य धरायची तर ती छळ करून घेतलेली असावी लागे. स्वतंत्र माणसाची शपथ पुरे, गुलामाचे सत्य मात्र शरीरातून काढायचे. लॉरिऑनच्या चांदीच्या खाणी, ज्यांच्या चांदीवर अथेन्सचे आरमार उभे राहिले, त्या गुलामांनी खणल्या. निकियास या सेनापतीने हजार गुलाम खाणीला भाड्याने दिले होते, माणशी रोज एक ओबोल. 'गुलाम समाधानी होते' म्हणणाऱ्यांना इतिहासकार थ्युसिडिडीसने उत्तर दिले आहे. इ.स.पू. ४१३ मध्ये स्पार्टाने देकेलिया येथे तळ ठोकला तेव्हा अथेन्सचे वीस हजारांवर गुलाम पळून गेले, त्यांत बरेचसे कारागीर. संधी मिळताच वीस हजार माणसांनी पायाने मत दिले. स्पार्टात तर हेलॉट नावाचा अख्खा समूहच जन्माने राबणारा होता आणि सत्ताधारी दरवर्षी त्यांच्याविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत, म्हणजे हेलॉटला मारले तर पाप लागू नये.

क्रीट बेटावर गॉर्टिन येथे भिंतीवर कोरलेला कायदा आहे, इ.स.पू. पाचव्या शतकातला. बलात्काराचा दंड त्यात असा आहे. स्वतंत्र व्यक्तीवर केला तर शंभर स्टेटर. खालच्या दर्जाच्या स्वतंत्र घरातल्या व्यक्तीवर केला तर दहा. स्वतंत्र माणसाने भूदासावर केला तर पाच द्राख्मा. आणि गुलामाने स्वतंत्र व्यक्तीवर केला तर दुप्पट. मनुस्मृतीतले वर्णानुसार चढते-उतरते दंड वाचलेल्याला हा तक्ता ओळखीचा वाटेल. फरक एकच, पण तो मोठा. गॉर्टिनचा कायदा भर रस्त्यात भिंतीवर कोरला होता. तो वाचला म्हणून कोणाच्या कानात काही ओतण्याची तरतूद त्यात नाही.

आता प्लेटोकडे परत येऊ. लोकशाहीने त्याच्या गुरूला, सॉक्रेटिसला, इ.स.पू. ३९९ मध्ये विष दिले, म्हणून त्याला लोकशाहीचा तिटकारा आला, असे सांगतात. त्यात तथ्य आहे. पण त्याने पर्याय काय दिला? माणसांचे तीन प्रकार, सोने, चांदी आणि लोखंड-पितळेचे. बुद्धीवाल्यांनी राज्य करावे, शूरांनी रक्षण करावे, बाकीच्यांनी पिकवावे आणि विकावे. ज्याने त्याने आपले काम करावे, दुसऱ्याच्या कामात हात घालू नये, हाच न्याय! आणि लोकांनी हे मुकाट मानावे म्हणून धातूंची एक उदात्त थाप त्यांना शिकवावी, असे तो उघडपणे लिहितो. आपल्याकडे ती थाप एका पुरुषाच्या मुख-बाहू-मांड्या-पायांच्या रूपात आली. प्लेटोच्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की पितळेच्या घरी सोन्याचे मूल जन्मले तर त्याला वर घ्यावे अशी सोय त्याने ठेवली, आणि राज्यकर्त्या वर्गात स्त्रियांनाही जागा दिली.

ही तुलना आमची नाही. १९३६ साली, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि शेवटी न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी चातुर्वर्ण्य आणि प्लेटोची आदर्श व्यवस्था यांचे नाते दाखवले. त्यांचा आक्षेप नुसता 'विषमता आहे' एवढाच नव्हता. तीन किंवा चार कप्प्यांत माणसे कोंबता येतात ही समजूतच चूक, प्रत्येक व्यक्ती एकमेव असते, तिच्यातल्या प्रवृत्ती अनेक असतात, आणि हे वेगळेपण प्लेटोला दिसले नाही, असे त्यांचे म्हणणे. हा धागा त्यांचे कोलंबियातले गुरू जॉन ड्युई यांच्या १९१६ च्या शिक्षणविषयक ग्रंथातून आलेला आहे. कार्ल पॉपरने प्लेटोवर घणाघाती टीका केली ती १९४५ मध्ये, आणि प्लेटोचा टीकाकार म्हणून आपल्या प्राध्यापकांना पॉपरच माहीत असतो. नऊ वर्षे आधी एक अस्पृश्य ठरवलेला विद्वान तीच व्यवस्था आपल्या अंगावर भोगून लिहीत होता, याची नोंद अभ्यासक्रमात होत नाही.

व्यक्तीचे काय, हा प्रश्न ग्रीकांना अथेन्सच्या सभेतही नीट सुटला नाही. इ.स.पू. ४०६ मध्ये आर्गिनुसीची आरमारी लढाई अथेन्सने जिंकली. त्या लढाईत वल्ही मारणाऱ्या गुलामांना मुक्त केले गेले, एवढी माणसांची चणचण होती. पण वादळामुळे बुडणारे खलाशी वाचवता आले नाहीत. लोक खवळले. सेनापतींवर खटला चालला, आणि प्रस्ताव आला की सर्वांचा निकाल एकाच मतदानाने लावावा. प्रत्येकाचा खटला वेगळा चालवण्याचा नियम होता. कोणी हरकत घेतली तर जमाव ओरडू लागला की लोकांना हवे ते करू न देणे हीच भयंकर गोष्ट आहे. त्या दिवशी सभा चालवणाऱ्या अध्यक्ष मंडळात सॉक्रेटिस होता. बाकीचे घाबरून गप्प झाले, त्याने एकट्याने नकार दिला. सहा सेनापतींना मारले. त्यांत एक होता अपवाद म्हणून नागरिक झालेला पेरिक्लीसचा मुलगा. नंतर लोकांना पश्चात्ताप झाला. बहुमत म्हणजे न्याय नव्हे, आणि समूहाच्या नावाने एकेका माणसाला शिक्षा देता येत नाही, हे त्या सभेत एकाने ओळखले होते. एका पोराने काही केले म्हणून अख्ख्या वस्तीवर बहिष्कार टाकणारी गावे आजही आहेत.

ग्रीकांतही या सगळ्याला नाही म्हणणारे होते, पण त्यांची पुस्तके टिकली नाहीत. गुलामी निसर्गाने नव्हे तर कायद्याच्या जोरावर आहे, म्हणून ती अन्यायाची आहे, असे म्हणणारे लोक आपल्या काळी होते हे खुद्द अ‍ॅरिस्टॉटल सांगतो, आणि मग काही माणसे जन्मजात गुलाम असतात हे सिद्ध करायला बसतो. हा अ‍ॅरिस्टॉटल स्वतः अथेन्समध्ये मेटिकच होता. अँटिफॉन नावाच्या विचारवंताचा एक फाटका पपायरस इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यात सापडला आणि १९१५ मध्ये छापला गेला. त्यात तो म्हणतो की ग्रीक असो वा परका, निसर्गाने सर्वांना सारखेच घडवले आहे, सर्वजण नाका-तोंडाने श्वास घेतात. आपल्यापैकी ज्यांनी वासेट्ठ सुत्त वाचले आहे त्यांना लगेच ओळख पटेल. गवतात, झाडांत, किड्यांत, पाखरांत जातीची वेगळी चिन्हे दिसतात, माणसांच्या केसांत, कानांत, डोळ्यांत, नाकात ती दिसत नाहीत, असे तथागत तिथे सांगतात. एकाने दुसऱ्याचे उसने घेतले असा दावा आम्ही करत नाही, तसा पुरावा नाही. शरीराकडे नीट पाहिले तर कोणालाही हेच दिसणार.

ग्रीकांचा थेट उल्लेख मात्र बुद्धवचनात आहे. मज्झिम निकायातल्या अस्सलायन सुत्तात एक तरुण ब्राह्मण चारही वर्णांची शुद्धी असते हे म्हणणे खोडायला येतो. तेव्हा बुद्ध त्याला विचारतात, योन आणि कंबोज देशांत दोनच वर्ण आहेत, मालक आणि दास, आणि मालकाचा दास होतो, दासाचा मालक होतो, हे तू ऐकले आहेस का? योन म्हणजे ग्रीक. यात ग्रीकांचे गुणगान नाही, दोन वर्ण असणे ही काही शाबासकीची गोष्ट नव्हे. मुद्दा असा की चार वर्ण जर ब्रह्मदेवाने साऱ्या जगासाठी केले असतील तर ते तिकडे का नाहीत? पासिऑनसारखा गुलाम पेढीचा मालक होऊ शकला, पोलेमार्कससारखा धनिक एका दिवसात कफल्लक होऊन मारला गेला. तिथली व्यवस्था क्रूर होती, पण ती माणसांनी केलेली होती आणि तसे म्हणायची सोय तिथे होती. अस्सलायनाची अडचण इथेच होते आणि तो गप्प होतो.

त्यानंतर हे योन इकडेच आले. सागल नगरीचा राजा मिनँडर, आपला मिलिंद, भन्ते नागसेनांना प्रश्न विचारून वादात हरला आणि हरल्याचे त्याने मान्य केले. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला त्याचे नाव दिले. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी दान दिलेल्या खांबांवर त्यांची नावे कोरली आहेत. त्या काळात यवन म्हणजे नेमका ग्रीकच, की पश्चिमेकडून आलेला कोणीही, यावर अभ्यासकांत वाद आहे. जुन्नरच्या लेण्यांत अशा तिघांचे लेख आहेत. एकाने भिक्खूसंघासाठी भोजनमंडप दिला, एकाने दर्शनी भाग करवून घेतला. इरिल नावाच्या तिसऱ्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या.